चंचल मुलाच्या नावाची वही

मार्च १९०२. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी तीन व्याख्यानं दिली. बुद्धीत कसर नसूनही ज्यांना स्वतःला आवरता येत नाही, शिक्षा झाली तरी पुन्हा तेच करतात, अशा मुलांची निरीक्षणं त्यांत होती. या स्थितीला ‘एडीएचडी’ (अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार) हे नाव मात्र १९८७ मध्ये मिळालं.

सेनगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत असं मूल आलं की ‘बूड टेकत नाही’, ‘वांड आहे’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. खिडकीबाहेर बघत हरवून जाणारी शांत मुलगी तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. तिलाही हाच त्रास असू शकतो.

निदानाच्या अटी मोलाच्या आहेत. लक्षणं बारा वर्षांच्या आतली हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत. नव्या जागी, डॉक्टरांसमोर, हेच मूल गुपचूप बसू शकतं. शाळेतलं वागणं शिक्षकच सांगू शकतात. म्हणून अशा मुलाच्या नावाची एक वही हवी: कोणत्या तासाला उठतं, किती वेळ टिकतं, काय दिलं की रमतं. शिक्षकांनी निदान करू नये. नोंद जरूर करावी.

वर्गातले उपाय खर्चिक नाहीत. जागा पुढच्या ओळीत, दारापासून लांब. आधी नाव घेऊन एका वेळी एकच सूचना. दहा गणितं एकदम न देता तीन-तीन. मधे वह्या वाटायचं काम, म्हणजे उठणं हक्काचं होतं. जमलं की तिथंच शाबासकी. रोज दोनच उद्दिष्टं कार्डावर लिहून घरी पाठवावीत; आई-वडिलांना वाचता येत नसेल तर चांदणी काढावी. वर्गाबाहेर उभं केलं की मुलाचं उरलंसुरलं लक्षही सुटतं. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने निषिद्धच आहेत.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत एडीएचडी आहे. या कार्यक्रमाचं तपासणी पथक शाळेत येईल तेव्हा ती वही समोर ठेवावी. औषध द्यायचं की नाही, हे तज्ज्ञ ठरवतील.

एक उणीव मात्र खटकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. अनेक मुलांत दोन्ही एकत्र असतात. त्यामुळे अध्ययन अक्षमतेचीही तपासणी करून घ्यावी, दहावीच्या परीक्षेतल्या सवलतींचा मार्ग तिथून जातो. ज्याला नुसता एडीएचडी आहे, त्याला या मार्गाने जाता येत नाही, आणि हा अन्याय आहे.

मराठवाड्यात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं पथकाच्या भेटीच्या दिवशी अनेकदा शाळेत नसतात. त्यांनी पुढच्या वर्षाची वाट पाहायची गरज नाही. पालकांनी मुलाला थेट जिल्हा रुग्णालयात न्यावं आणि वहीची झेरॉक्स सोबत ठेवावी. दुसरी प्रत साखर कारखान्याजवळच्या शाळेतल्या गुरुजींना द्यावी.