अक्षरांची जोडणी

सुरतेच्या कतारगाम भागात हिऱ्यांना पैलू पाडणारे अनेक कारखाने आहेत. समजा, अशा एखाद्या कारखान्यात दिवसअखेर हिऱ्यांच्या १,००० पुड्यांच्या नोंदी संगणकाने एका यादीत जोडावयाच्या आहेत, आणि प्रत्येक नोंद ५० अक्षरांची आहे. यादीत अक्षरे अवघी ५०,०००. परंतु ती सिद्ध करण्यासाठी संगणकाला किती अक्षरे उतरवावी लागतील? ते जोडणीच्या रीतीवर अवलंबून आहे.

पुष्कळ संगणकभाषांत अक्षरमाला एकदा घडली की बदलता येत नाही. तिला नवी नोंद जोडावयाची, तर नवी व मोठी जागा घेऊन जुनी सारी अक्षरे तेथे पुन्हा उतरवावी लागतात. एका नव्या ओळीसाठी सबंध वहीची नक्कल करणाऱ्या कारकुनासारखाच हा प्रकार होय. पहिल्या खेपेस ५० अक्षरे, दुसऱ्या खेपेस १००, तिसऱ्या खेपेस १५०. अशा हजार खेपांची बेरीज २,५०,२५,००० होते! नोंदी दुप्पट झाल्या, तर श्रम सुमारे चौपट होतात. दहा नोंदींवर परीक्षा घेणाऱ्यास हा दोष दिसत नाही. काम वाढले म्हणजेच तो उघडा पडतो.

गुइडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायथॉन या भाषेत यावर ‘जॉइन’ नावाची तयार क्रिया आहे. ती सर्व नोंदींची लांबी आधी मोजते, एकदाच पुरेशी जागा मागते आणि प्रत्येक अक्षर एकदाच उतरविते. अडीच कोटींचे काम पन्नास हजारांवर येते. मनोरा बांधू इच्छिणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हा शुभवर्तमानातील दाखला येथे अक्षरशः लागू पडतो.

केवळ लांबी मोजून मात्र भागत नाही. २०१२ च्या ३.३ या आवृत्तीपासून पायथॉन साध्या रोमन अक्षरास १ बाइट आणि देवनागरी चिन्हास २ बाइट जागा देते. कतारगाम हे नाव रोमन लिपीत ८ अक्षरांचे, म्हणून ८ बाइटांचे. देवनागरीत काना धरून ७ चिन्हांचे, म्हणून १४ बाइटांचे. रोमन यादीत एकच देवनागरी नाव आले, तरी सबंध मालेला प्रत्येक अक्षरामागे २ बाइट लागतात. म्हणून ‘जॉइन’ सर्वांत रुंद चिन्ह कोणते, हेही आधीच पाहून घेते.

२००४ मध्ये पायथॉनच्या २.४ या आवृत्तीत साधी बेरीजही वेगवान करण्यात आली. जुनी माला अन्यत्र वापरात नसेल, तर तिलाच लांबविण्याचा यत्न होऊ लागला. परंतु ही सवलत सशर्त आहे. म्हणून त्या भाषेचे लेखननियम सांगतात की, जेथे वेगाला महत्त्व आहे तेथे तीवर विसंबू नये, ‘जॉइन’च वापरावे.

भाषेच्या मूळ साठ्यातील अशी एक सुधारणा ती वापरणाऱ्या सर्वांच्या पदरी पडते. यंत्र वेगवान आहे, म्हणून त्याला व्यर्थ राबवावे असे नाही. कारण त्या व्यर्थ श्रमांचा वेळ अखेर यादीसाठी खोळंबलेल्या माणसाच्याच खाती पडतो.