दोघांचे घर, एकाचे नाव



विवाह न करता एकत्र राहणे चांगले की वाईट, हा वाद आम्ही आज घेणार नाही. तो घरोघरी पुरेसा रंगतो. आमचा प्रश्न रोकडा आहे. अशा दोघांनी मिळून घर घेतले, तर ज्याचे नाव कागदावर नाही त्याच्या पैशाचे काय होते?

ही केवळ तरुणांची गोष्ट आहे असे समजून मागच्या रांगांनी निश्चिंत होऊ नये. समजा, अडुसष्ट वर्षांचे एक विधुर गृहस्थ आणि त्रेसष्ट वर्षांच्या एक विधवा बाई उतारवयात सोबतीने राहू लागल्या. पुनर्विवाह केला तर बाईंचे कुटुंबनिवृत्तिवेतन जाण्याची भीती, म्हणून लग्न टाळले. बाईंनी आपल्या जुन्या दोन खोल्या विकून वीस लाख दिले, गृहस्थांनी तीस लाख घातले, आणि पन्नास लाखांचा फ्लॅट झाला. नाव मात्र एकट्या गृहस्थांचे. दोन नावे घातली तर मुले काय म्हणतील, हा संकोच! पुढे गृहस्थ वारले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वारस त्यांची मुले. बाई वारसांत कोठेच नाहीत.

आता बाई कोर्टात बँकेचा उतारा दाखवतील. येथेच खरी मेख आहे. दुसऱ्याच्या नावावर स्वतःच्या लाभासाठी आपल्या पैशाने मालमत्ता घेणे म्हणजे बेनामी व्यवहार. १९८८ च्या कायद्याचे चौथे कलम अशा मालमत्तेवर खऱ्या मालकाला दावाच लावू देत नाही. २०१६ च्या दुरुस्तीने हा कायदा अधिक कडक झाला. त्यात पती, पत्नी आणि अपत्ये यांच्या नावे केलेल्या खरेदीला सूट आहे, सोबत्याला नाही. म्हणजे घरासाठी पैसे आपणच दिले हे बाई जितके भक्कम सिद्ध करतील, तितका त्यांचाच दावा अडकेल. उलट घर सरकारजमा होण्याचे भय निराळेच. पैसे उसने दिले होते म्हणावे, तर त्याला पुरावा लागतो, आणि मुदत साधारणपणे तीन वर्षांची.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीला सामायिक घरात राहण्याबाबत संरक्षण दिले, हे खरे. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. बँकेच्या कर्जावर सही केली, हप्ते भरले, एवढ्यानेही मालकी येत नाही. ऋण मात्र गळ्यात पडते.

तेव्हा उपाय खरेदीच्या दिवशीच करावा. नोंदणीच्या दस्तात दोघांची नावे घालावीत, आणि हिस्से स्पष्ट लिहावेत: बाईंचे दोन पंचमांश, गृहस्थांचे तीन पंचमांश. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून पैसे द्यावेत. हिस्से लिहिलेच नाहीत, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४५ वे कलम ज्याने जितके दिले तितके त्याचे मानते. पुरावा नसेल तर निम्मेनिम्मे. घर आधीच एकाच्या नावावर असेल, तर बक्षीसपत्र करता येते, पण महाराष्ट्रात पतिपत्नी आणि मुलांना राहत्या घराच्या बक्षिसासाठी मिळणारी दोनशे रुपये मुद्रांक शुल्काची सवलत येथे नाही. शिवाय प्राप्तिकराचाही हिशेब करावा लागतो.

दोन नावे लागली म्हणजे मागे राहिलेल्याला सगळे घर मिळते, ही समजूतही चुकीची. मृताचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. ते वाटपाचा दावा लावू शकतात, आणि फ्लॅटच्या मधोमध काही भिंत घालता येत नाही. अशा वेळी १८९३ च्या कायद्याखाली कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकते. सोसायटीतील नामनिर्देशनावरही विसंबू नये. २०१९ पासून महाराष्ट्राच्या सहकारी कायद्यात नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांचा निर्णय होईपर्यंत तात्पुरती सभासद असते, मालक नव्हे.

म्हणून दोघांनीही दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करावे. मुलांना डावलणे जिवावर येत असेल, तर त्यालाही वाट आहे. गृहस्थांनी लिहावे की, आपल्या तीन पंचमांश हिश्शात बाईंनी हयातीपर्यंत राहावे, त्यांना कोणी उठवू नये, आणि त्यांच्या पश्चात तो हिस्सा आपल्या मुलांना मिळावा. बाईंनीही आपल्या दोन पंचमांशांबद्दल तसेच लिहावे. आणि मुलांना हे कागद आपण हयात असतानाच वाचून दाखवावेत.