मुलाखतीला जाताना

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासिकेच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



संयोजकांनी आम्हाला विषय दिला, "नोकरीची मुलाखत आणि तिची तयारी." विषय तसा रुक्ष वाटतो. बाजारात त्यावर पुस्तकं ढिगानं मिळतात. पण आम्ही आज पुस्तकातलं सांगणार नाही. याच सभागृहात, याच पंख्याखाली बसून आम्ही अभ्यासिकेच्या कार्यकर्त्यांनी जी एक चूक केली आणि नंतर जी सुधारली, तेवढंच सांगणार आहोत. चूक आमची होती, पण किंमत एका मुलीनं मोजली. म्हणून ती सर्वांसमोर कबूल करणे आम्हाला आवश्यक वाटते.

प्रथम थोडी माहिती. सगळ्याच नोकऱ्यांना मुलाखत नसते, हे अजूनही पुष्कळ पालकांना ठाऊक नाही. केंद्र सरकारच्या गट ब अराजपत्रित आणि त्याखालच्या पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या. बँकेच्या क्लार्कला मुलाखत नाही, पण प्रोबेशनरी ऑफिसरला आहे. तिथे मुख्य परीक्षेला ८० आणि मुलाखतीला २० असं वजन धरतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत लेखी १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची असते. आपल्या राज्यसेवेलाही २०२५ पासून हीच रचना आली. त्याआधी राज्यसेवेची मुलाखत १०० गुणांची होती. म्हणजे काय, तर लेखीत तीन-चार वर्षे घासून मिळवलेलं यश अर्ध्या तासात वर जाऊ शकतं नाहीतर खाली येऊ शकतं.

आता त्या मुलीची हकिकत. तिचं नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. गाव पाथरी तालुक्यातलं, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेचं. वडील एस. टी.च्या डेपोत मेकॅनिक, आई कापूस वेचायला जाणारी. मुलगी आपल्या अभ्यासिकेत सकाळी सहाला येऊन रात्री नऊला जायची. राज्यसेवेची लेखी परीक्षा तिनं पहिल्या झटक्यात पार केली. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा विहारात पेढे वाटले गेले. आणि मग आम्ही तिची "तयारी" करायला घेतली.

काय केलं आम्ही? शहरातून प्रश्नोत्तरांच्या झेरॉक्स आणल्या. "प्रशासनात का यायचं?" याचं उत्तर बारा ओळींचं लिहून दिलं आणि पाठ करून घेतलं. परराष्ट्र धोरण, अर्थसंकल्प, अणुकरार, सगळ्यांच्या चिठ्ठ्या केल्या. एकाने तिला सांगितलं, "अर्जात छंद म्हणून वाचन लिही, चांगलं दिसतं." दुसऱ्याने सांगितलं, "गावठी बोलू नकोस." तिसऱ्याने तर असंही सुचवलं की आपल्या वस्तीचं नाव शक्यतो घेऊ नको. आम्ही सगळे तिथेच होतो. कोणी हरकत घेतली नाही.

ती रात्रीच्या गाडीने मुंबईला गेली, सकाळी उतरली, स्टेशनवरच तोंड धुतलं आणि नव्या कोऱ्या चपला घालून थेट मुलाखतीला. चपला चावल्या. आत गेली. पहिला प्रश्न आला, प्रशासनात का यायचं? तिने बारा ओळी म्हटल्या. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं गाव जायकवाडीच्या कालव्यावर आहे ना? मग सांगा, टेलला पाणी का पोचत नाही?"

मित्रांनो, ज्या कालव्यात ती लहानपणी म्हशी धुवायला जायची, त्या कालव्याबद्दलच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. कारण आम्ही दिलेल्या चिठ्ठ्यांत तो कालवाच नव्हता. ती गडबडली, आणि काहीतरी बोलायचं म्हणून पावसाच्या प्रमाणावर बोलली. पुढे छंदावर प्रश्न आला, अलीकडे काय वाचलंत? परीक्षेच्या पुस्तकांपलीकडे दोन वर्षांत तिने काही वाचलं नव्हतं. वाचणार कधी? अंतिम यादीत तिचं नाव थोड्या गुणांनी राहिलं.

ती आठ दिवस अभ्यासिकेत आली नाही. नवव्या दिवशी आली आणि आम्हाला एवढंच म्हणाली, "दादा, तिथं मी बोललेच नाही. तुम्ही बोललात."

हे वाक्य आम्हाला फार लागलं. लागायलाच पाहिजे होतं.

त्यानंतर आम्ही कार्यकर्ते बसलो आणि पद्धत बदलली. ती पद्धत चार भागांत सांगतो. ज्यांना वही काढायची त्यांनी काढावी.

पहिला भाग कागदपत्रांचा. मुलाखतीच्या आधी मूळ कागद तपासतात, आणि तिथे घाम फुटला की आत जाऊन बोलता येत नाही. दहावीचं प्रमाणपत्र, पदवी, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लग्न झालेल्या मुलींच्या नावातील बदलाचा पुरावा, हे सर्व एका फायलीत, मूळ वेगळे आणि सत्यप्रती वेगळ्या. आपल्या समाजाने एक गोष्ट जास्त जपायची आहे. १९५६ नंतर कोणाच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लागलं, कोणाच्या वडिलांच्या दाखल्यावर जुनी जात राहिली. केंद्राच्या सेवांत बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, आणि केंद्राचा दाखला केंद्राच्याच नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला दाखवून तिथे भागत नाही. आजोबांपासूनचे कागद आज जमवायला लागा. मुलाखतीचं पत्र आल्यावर तहसीलच्या चकरा मारणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

दुसरा भाग अर्जाचा. मंडळासमोर तुमचा अर्ज असतो. त्यातला प्रत्येक शब्द हा एक प्रश्न आहे, असं समजा. गाव, तालुका, जिल्हा, शाळा, पदवीचा विषय, वडिलांचा व्यवसाय, छंद. आम्ही त्या मुलीला विचारलं, "तू खरोखर काय करतेस?" ती म्हणाली, "आईच्या बचत गटाचा हिशेब ठेवते, सात वर्षं झाली." अहो, दहा बायकांचे पैसे, व्याज, थकबाकी, बँकेच्या चकरा, भांडणं, हे सगळं सात वर्षं सांभाळणारी मुलगी, आणि आम्ही तिला वाचन लिहायला लावलं होतं! पुढच्या अर्जात तिने हिशेबच लिहिला.

आणि कालवा? तिला आम्ही काहीही सांगितलं नाही. ती स्वतः गेली. पाटकऱ्याबरोबर एक दिवस चारीच्या कडेने चालली. कुठे अस्तर फुटलंय, कुठे पाणी पाझरतं, कुठे वरच्या अंगाला ऊस उभा आहे आणि मोटारी लागल्यात, हे डोळ्यांनी पाहिलं. मग वाचन केलं. पैठणचं धरण १९७६ साली पूर्ण झालं, नाथसागराची क्षमता सुमारे १०२ टीएमसी, डावा कालवा २०८ किलोमीटरचा. वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही हा वाद का होतो, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा काय म्हणतो, त्याच वर्षीच्या शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करण्याच्या कायद्याने पाणीवापर संस्थांना कोणते अधिकार दिले, आणि तरी त्या कागदावर का राहतात, हेही तिने समजून घेतलं. आधी पायाने चालली आणि मग वाचलं, म्हणून ते डोक्यात बसलं.

तिसरा भाग सरावाचा. दर रविवारी दुपारी दोन तास इथे टेबल मांडलं. मंडळात कोण? एक निवृत्त मुख्याध्यापक, एक तलाठी, सिव्हिल हॉस्पिटलच्या एक सिस्टर, आणि आपल्या विहारात रोज झाडलोट करणाऱ्या आजी. आजींना बसवलं तेव्हा काहीजण हसले. आजींनी पहिलाच प्रश्न टाकला, "बाई, तू साहेब झालीस अन् माझा अंगठा त्या मशिनीवर उमटंना, तर रेशनचं काय करशील?" मुख्याध्यापकांच्या अर्ध्या तासाच्या प्रश्नांना न अडखळलेली मुलगी इथे थांबली. दुसऱ्या दिवशी जाऊन तिने रेशन दुकानात विचारलं, तहसीलला विचारलं, आणि पुढच्या रविवारी आजींना उत्तर दिलं. आजी म्हणाल्या, "आता बरुबर बोलली."

सरावात आम्ही तीन गोष्टी घोटून घेतल्या. एक, प्रश्न पूर्ण ऐकायचा, दोन श्वास घ्यायचे, मग बोलायचं. दोन, येत नसेल तर "सर, मला माहीत नाही" असं सरळ सांगायचं, मान खाली न घालता. थापा मारल्या की पुढचा प्रश्न त्या थापेवरच येतो. तीन, आपली भाषा. मराठीत मुलाखत देता येते, राज्यातही आणि केंद्रातही, फक्त केंद्राच्या परीक्षेत त्यासाठीचे नियम आणि माध्यम आधीच नीट पाहून घ्या. शुद्ध बोलण्याच्या नादात विचार अडू देऊ नका. पाथरीचा हेल असला तर असू द्या.

चौथा भाग सर्वात अवघड. आरक्षणावरचा प्रश्न. "तुम्ही आरक्षित जागेवर आलात, त्याने कार्यक्षमता कमी होते असं लोक म्हणतात, तुमचं मत काय?" हा प्रश्न येऊ शकतो, आणि विचारणारा दरवेळी दुष्ट असतो असं नाही. तुम्ही तापता का, खचता का, की विचार करता, हे त्याला पाहायचं असतं. आम्ही हा प्रश्न मुद्दाम कडक आवाजात विचारला. पहिल्यांदा एक मुलगा रडला, दुसरा भांडला. आम्ही सांगितलं, राज्यघटना उघडा. कलम १६(४) वाचा, कलम ३३५ वाचा. हक्क आणि प्रशासनाची कार्यक्षमता यांचा विचार घटनेने एकत्रच केला आहे, हे शांतपणे सांगा. आणि मग आपल्या कामाबद्दल बोला. वस्तीचं नाव विचारलं तर वस्तीचं नाव सांगा. ज्या घरातून आलो ते लपवून खुर्चीवर बसलो, तर त्या घरातला माणूस दाराशी आल्यावर आपण त्याला ओळखणार कसे?

दुसऱ्या खेपेला ती एक दिवस आधी मुंबईला गेली, नातेवाइकांकडे उतरली, वापरातल्या चपला, इस्त्रीची सुती साडी, रात्री पुस्तक बंद करून झोप. आत तिला बचत गटावर विचारलं, थकबाकी कशी वसूल करता? ती म्हणाली, "सर, आम्ही घरी जाऊन आधी विचारतो की काय झालं. बहुतेक वेळा घरात आजारपण असतं." मग बँकेच्या व्याजदरातला एक बारकावा विचारला. ती म्हणाली, "मला माहीत नाही." मग कालव्यावर आले. त्यावर ती जे बोलली ते चालून पाहिलेलं होतं. बाहेर आल्यावर तिने आम्हाला फोन केला. म्हणाली, "दादा, लागेल न लागेल, आज मी बोलले."

लागली. आज ती सेवेत आहे आणि सुट्टीला आली की या टेबलावर आजींच्या शेजारी बसते.

पण भाषण इथे संपवलं तर ते अर्धं खोटं होईल. तिच्याबरोबर सराव करणारा एक मुलगा होता, तिच्याइतकाच हुशार. तो दोनदा मुलाखतीपर्यंत पोचला, दोन्हीदा राहिला. आमच्या पद्धतीत काही कमी पडलं का, तर नक्की सांगता येत नाही. जागा थोड्या, माणसं पुष्कळ. अर्ध्या तासात पूर्ण माणूस मोजता येत नाही. तो आज बँकेत क्लार्क आहे, घर चालवतो, आणि अभ्यासिकेचं वीजबिल गुपचूप भरतो. त्याला अपयशी म्हणायची आमची छाती नाही. म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो, राज्यसेवेची वयोमर्यादा मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत आहे, पण म्हणून ४३ पर्यंत वाट पाहू नका. हाताशी एक दुसरी वाट ठेवा. आणि पालकांना हात जोडून सांगतो, निकाल लागला नाही त्या संध्याकाळी पोराला "काय झालं" विचारू नका. आधी जेवायला वाढा.

शेवटी एक विनंती. आपल्या समाजातले जे बंधू-भगिनी नोकरीत आहेत, त्यांनी देणगी दिली तर आनंदच आहे. पण त्यापेक्षा महिन्यातला एक रविवार द्या. या टेबलावर येऊन बसा, प्रश्न विचारा, आणि मुलांचं ऐकून घ्या. आम्ही एका मुलीला आमची वाक्यं दिली आणि तिचा आवाज हिरावला, ती चूक पुन्हा होऊ नये याची काळजी आपण सर्वांनी मिळून घेऊ.

 

नमो बुद्धाय! जयभीम!