अंगभर पसरणारे दुखणे आणि घराचे कर्तव्य



शिक्षणाच्या व्यासपीठावर दुखण्याचा विषय कशासाठी, असे आपणांस वाटेल. पण खुटबाव, यवत, केडगाव या आपल्या पट्ट्यातील कोणतेही घर डोळ्यांपुढे आणा. आई कायम दुखण्याने बेजार असली की पाणी, स्वयंपाक, धुणे आणि धाकटी भावंडे हा सारा भार थोरल्या मुलीवर येतो. आधी तिचा एखादा दिवस बुडतो, मग आठवडा, आणि शेवटी शाळाच सुटते. म्हणून हा विषय शिक्षणाचाच आहे.

आज मान, उद्या खांदे, परवा कंबर आणि पाय. असे महिनोन् महिने सारे अंग ठणकते. रात्री झोप होऊनही सकाळी थकवा जात नाही. आठवण राहत नाही, कामात लक्ष लागत नाही. रक्ताचे तपास आणि एक्स-रे मात्र निर्दोष येतात. मग घरचे म्हणतात, "हिला काही झालेले नाही, कामाचा कंटाळा आहे." बंधूंनो, हे दुखणे खरे आहे. वैद्यकशास्त्रात त्याला फायब्रोमायाल्जिया म्हणतात. ते पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते. शाळकरी मुलामुलींनाही होऊ शकते.

आपल्याच लोहमार्गावर दौंडच्या पुढे भिगवण आहे. तेथे १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेनुसार घरोघरी पाहणी केली. ४,००० हून अधिक प्रौढांत दर १०० पैकी सुमारे १८ जणांना सांधे, स्नायू वा हाडांचे दुखणे होते. सांधे वाकडे करणारा आमवात मात्र २०० पैकी साधारण एकालाच होता. म्हणजे दुखणे घरोघर आहे, पण प्रत्येक दुखणे म्हणजे सांध्यांचा नाश नव्हे.

मग दुखते का? इजा झाली की मज्जातंतू मेंदूला वर्दी देतात. या विकारात ती यंत्रणाच अतिसावध होते. गाडी निघून गेली तरी फाटकावरची घंटा वाजतच राहावी, तसे हे आहे. अपुरी झोप, दीर्घ काळजी, एखादा मोठा आजार वा अपघात यांनी ती अधिक बिघडते. सुमारे १,००० वर्षांपूर्वी इब्न सीना यांनी वेदनेचे १५ प्रकार वर्णिले होते. वेदना एकाच जातीची नसते, हे आपल्या हकिमांनाही ठाऊक होते.

प्रथम डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, किंवा ऊन न मिळाल्याने 'ड' जीवनसत्त्व कमी होणे, यांनीही अंग दुखते आणि त्यांवर उपाय आहेत. ताप, वजन घटणे, सांधा सुजणे, हातापायांतील शक्ती जाणे ही लक्षणे दिसली तर एक दिवसही थांबू नये.

उपचारात पहिले स्थान हालचालीला आहे. रोज १० मिनिटे चालण्यापासून आरंभ करावा आणि दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. बरे वाटले म्हणून एका दिवसात सारी कामे उरकू नयेत. दुखते म्हणून दिवसभर अंथरुणातही राहू नये. झोपेची वेळ ठरलेली असावी. फरक दिसायला काही आठवडे, कधी महिने लागतात. काहींना डॉक्टर मज्जातंतू शांत करणारी औषधे देतात. त्यांतील काही मनाच्या विकारांवरही वापरतात. एवढ्यावरून रोग्याला कोणी वेडे ठरवू नये. दोन दिवस उभारी देणारी स्टेरॉइडची सुई या दुखण्यावर उपयोगाची नाही. ती वारंवार घेतल्यास हाडे ठिसूळ होतात आणि रक्तातील साखर वाढते. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्यास जठर व मूत्रपिंड धोक्यात येतात.

नमाजात उठबस झेपत नसेल तर बसून अदा करण्याची सवलत दीनने दिलीच आहे. रमजानमध्ये औषध आपणहून बंद करू नये. वेळा डॉक्टरांना विचारून बदलून घ्याव्यात.

आता पालकांना विनंती. घरात कोणी "अंग दुखते" म्हटले तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. कामाची वाटणी करा, आणि त्या वाटणीत वडिलांचे व मुलग्यांचेही नाव असू द्या. पाण्याची घागर मुलाने उचलली तर त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही. विद्यार्थी मित्रांनो, संध्याकाळी अम्मीला सोबत घेऊन १० मिनिटे चालून या. तिचे दुखणे एका दिवसात जाणार नाही. पण ती एकटी राहणार नाही, आणि तुमच्या बहिणीचे दप्तर खुंटीला टांगले जाणार नाही.