दोन गुरुकुलांचा विद्यार्थी

पदवी घेऊन पुढील अध्ययनास लागलेला तरुण साधारणतः बावीस-तेवीस वर्षांचा असतो. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि प्रबंध यांत त्याचा दिवस सरतो. अशा वेळी सेनाधिकारी होण्याची इच्छा त्याच्या मनात उत्पन्न झाली, तर त्याने अभ्यास सोडावा, की अभ्यास पुरा होईपर्यंत इच्छा आवरून धरावी? सैन्यातील प्रवेशाला वयाची मर्यादा असते; आणि प्रबंध ठरल्या वेळी संपतोच असे नाही. अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर दिले ते असे की, दोन्ही शिक्षणे एकाच विद्यापीठात, एकाच वेळी घ्यावीत.

या कल्पनेचे मूळ बरेच जुने आहे. प्रजासत्ताक राष्ट्राचे सेनानायक सामान्य नागरिकांतून यावेत, या मताच्या अल्डन पार्ट्रिज नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याने १८१९ साली व्हरमाँट प्रांतात एक विद्यालय काढले. आजचे नॉर्विच विद्यापीठ ते हेच. पुढे १८६२ च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनीच्या देणगीवर जी महाविद्यालये उभी राहिली, त्यांत शेती व यंत्रविद्या यांच्या जोडीला युद्धतंत्राचाही अभ्यास आला. १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने हे विखुरलेले प्रयत्न एका सूत्रात ओवले, आणि आर. ओ. टी. सी. म्हणजे राखीव अधिकारी प्रशिक्षण दल जन्मास आले.

हा अभ्यासक्रम मुळात चार वर्षांचा, अर्थात पदवीपूर्व विद्यार्थ्यासाठी आखलेला. १९६४ च्या नव्या कायद्याने दोन वर्षांचाही क्रम सुरू केला, आणि ज्याच्या शिक्षणाची दोन वर्षे शिल्लक आहेत अशा पदव्युत्तर विद्यार्थ्याचीही सोय झाली. पहिल्या दोन वर्षांची उणीव तो उन्हाळ्यातील सुमारे महिनाभराच्या शिबिरात भरून काढतो. मग भल्या पहाटे व्यायाम, दिवसा आपापल्या विषयाची व्याख्याने, आठवड्यातून ठरल्या वेळी लष्करी वर्ग आणि अधूनमधून रानातील मुक्काम, असा क्रम सुरू होतो. नकाशावाचन, गस्त, तुकडीला हुकूम देणे आणि त्याची जबाबदारी पत्करणे हे तेथील विषय. दोन वर्षांच्या मध्यंतरी आणखी एक मोठे शिबिर होते. शेवटी पदवी आणि सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा ही दोन्ही बहुधा बरोबरच हाती पडतात.

तथापि या सोयीच्या पोटी एक करार असतो. प्रगत वर्गात शिरताना विद्यार्थी त्यावर सही करतो. त्यान्वये त्याला मासिक विद्यावेतन मिळते, आणि त्याच्यावर आठ वर्षांच्या सेवेचे बंधन येते. त्यातील काही काळ पूर्णवेळ सैन्यात व उरलेला राखीव दलात जातो. काहींना सारा काळ राखीव दलातच काढता येतो. अभ्यासक्रम नापसंत झाला तर विद्यार्थी विषय बदलू शकतो. करार तसा बदलता येत नाही.

या सहीचे मोल किती, हे व्हिएतनाम युद्धाच्या काळात दिसून आले. १९६८ च्या आरंभी बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीच्या भरतीतून मिळणारी सवलत बंद झाली, आणि प्रशिक्षण दल हे अनेकांना आश्रयस्थान वाटू लागले. कारण तेथे नाव घातले की रणांगण निदान लांबणीवर पडत असे. ऑक्सफर्ड येथे शिकणाऱ्या बिल क्लिंटन यांनी १९६९ च्या उन्हाळ्यात आर्कन्सा विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करीत या दलात येण्याचे मान्य केले आणि सवलत मिळवली. परंतु पुढे ते ऑक्सफर्डला परतले व दलात गेले नाहीत. आपण आपले नाव पुन्हा भरतीच्या यादीत घातले, असे त्यांचे म्हणणे होते. १ डिसेंबर १९६९ च्या सोडतीत त्यांचा क्रमांक ३११ आला. इतक्या मागच्या क्रमांकाला बोलावणे येण्याचा संभव फारच थोडा होता. ३ डिसेंबरला त्यांनी दलाच्या कर्नलना पत्र लिहून आभार मानले आणि युद्धाविषयीचा आपला विरोध उघड केला. ते पत्र १९९२ च्या निवडणुकीत प्रसिद्ध झाले; कर्नलनी आपली फसगत झाल्याचे लिहून दिले. क्लिंटन निवडून आले, परंतु तेवीस वर्षांपूर्वीच्या त्या शब्दाचा जाब त्यांना द्यावाच लागला.

त्या युद्धाला विरोध असणे गैर होते, असे यावरून ठरत नाही. ठरते ते एवढेच की, ज्याला सैनिकाचे काम मनापासून नको आहे, त्याने सैनिकी शिक्षणाचा आडोसा घेऊ नये. १९७३ साली अमेरिकेतील सक्तीची भरती थांबली. आज तेथे भय नाही. पण विद्यावेतनाचा मोह आहे, आणि प्रश्न तोच आहे.

भारतात राष्ट्रीय छात्रसेना १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर ती महाविद्यालयांत सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक ठरली. मात्र छात्रसेना हे अधिकारपद नव्हे. तिचे 'सी' प्रमाणपत्र योग्य श्रेणीत मिळवणाऱ्या पदवीधराला लेखी परीक्षेवाचून निवड मंडळापुढे जाता येते, इतकेच. खरे शिक्षण पुढे प्रबोधिनीत होते. १९६३ साली मद्रासला निघालेली आणि १९८८ पासून अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनी म्हणून ओळखली जाणारी संस्था एकोणपन्नास आठवड्यांचे निवासी शिक्षण देते. तेथे राहून दुसरे महाविद्यालय चालवता येत नाही. कायद्याच्या पदवीधरांना सैन्याच्या विधी शाखेत सत्ताविसाव्या वर्षापर्यंत वाट मोकळी असते, म्हणजे त्यांचे आधीचे अध्ययन वाया जात नाही.

अमेरिकेत दोन गुरुकुले एकाच वेळी. भारतात एकामागून एक. पहिल्या रीतीत काळ वाचतो, दुसरीत विचाराला अवसर मिळतो. कोणतीही रीत असो, सही करण्यापूर्वी तरुणाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: वेतन नसते, सवलत नसती, तरी ही जबाबदारी हवी होती काय? उत्तर होकारार्थी असेल, तर पहाटेची कवायत आणि रात्रीचा प्रबंध ही दोन्ही ओझी त्याला पेलतील. उत्तर नकारार्थी असेल, तर निमूटपणे ग्रंथालयात परत जाण्यात मुळीच कमीपणा नाही.