चाकाच्या आतून तेल का येतं?



आज आम्ही बोलणार आहोत जुन्या पिकअपच्या मागच्या चाकांबद्दल. आपल्यातल्या कितीतरी गटांनी मिळून अशी गाडी घेतली आहे. आमच्या गटाची गाडी पेण तालुक्यातून भाजी घेऊन पहाटे दादरच्या बाजारात येते. गाडी दुरुस्त करतो मिस्त्री, पण पैसे मोजतो आपण आणि गाडीत बसतोही आपणच. म्हणून आत काय बिघडतं, ते आपल्याला ठाऊक हवं.

गाडीखाली मागच्या बाजूला मधोमध लोखंडी गोळा दिसतो. त्यात दाट गिअर ऑइल असतं. तिथून दोन्ही चाकांकडे नळीतून एकेक दांडा जातो, तो ॲक्सल. चाकापाशी तो बेअरिंगवर फिरतो. तेल बाहेर येऊ नये म्हणून तिथे रबरी ओठाचं ऑइल सील असतं. सील बेअरिंगपेक्षा कितीतरी स्वस्त, पण ते गळायला लागलं की तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. लायनर तेलकट झाले की ब्रेक धरत नाही. भरलेली गाडी घाट उतरत असेल तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

खुणा ओळखा. वेग वाढला की घों-घों आवाज वाढतो, वळणावर तो बदलतो. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसतं. ते दाट, उग्र वासाचं असेल तर गिअर ऑइल. पातळ असेल आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळीही उतरली असेल, तर गळती ब्रेकची. दोन्हींत गाडी थांबवून दाखवायलाच हवी.

काम चालू असताना तिथे उभ्या राहा. पुढच्या चाकांना ठोकळे हवेत आणि गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली मजबूत स्टँड हवेत. बऱ्याच पिकअपमध्ये बेअरिंग ॲक्सलवर दाबून बसवतात आणि त्याला लोखंडी कड्याने अडवतात. ते कडं गॅसने कापू देऊ नका, उष्णतेने ॲक्सल कमजोर होतो. नवं बेअरिंग हातोड्याने ठोकून नव्हे, प्रेसवर बसवून घ्या. सीलचा ओठ तेलाच्या बाजूला येतो. ॲक्सलवर जिथे सील घासतं तिथे बोट फिरवा. खाच लागली तर नवं सीलही गळणार. तेलकट लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा लावू नयेत. दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत.

सुटे भाग घ्यायला आम्ही गिरगावात जातो. भाजी उतरली की दोघीजणी दादरहून लोकलने चर्नी रोडला उतरतात. ऑपेरा हाऊसच्या परिसरात गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. जाताना जुना भाग पिशवीत घालून न्यायचा. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. सीलची मापं तीन: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ती बहुधा सीलवरच छापलेली असतात. नंबर जुळवून बघायचा, पाकीट फोडलेलं नाही ना ते पाहायचं आणि पक्कं बिल घ्यायचं. दुकानदार दोन भाव सांगेल. स्वस्तातलं का स्वस्त, ते विचारायला लाजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या गाडीला एका मिस्त्रीने नवं सील घातलं. महिन्याभरात पुन्हा गळती. दोष ड्रायव्हरवर आला, मग सीलवर. दुसऱ्या मिस्त्रीने आधी ब्रीदर पाहिला. आसाच्या वर हवा जायला बारीक वाट असते, तिला ब्रीदर म्हणतात. आमचा चिखलाने बुजला होता. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते. वाट नसेल तर ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. ब्रीदर साफ केला, सील बदललं, गळती थांबली. साफ करायला पैसा लागला नाही.

म्हणून मिस्त्रीला तीन प्रश्न विचारा. ब्रीदर मोकळा आहे का? ॲक्सलवर खाच आहे का? गाडी सपाट जागी उभी असताना तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आहे का? उत्तरं मिळाली की मगच गाडीत माल भरा.