बायबल लिहिणारांची साक्ष



आजच्या विषयाची पाटी चौकात लागली त्या दिवशी आम्हाला दोघांनी वाटेत अडवले. एक म्हणाले, "युनियनचा माणूस बायबलवर काय बोलणार?" दुसरे म्हणाले, "बोला, पण जरा जपून बोला." पहिल्यांचे म्हणणे रास्त आहे. आम्हाला हिब्रू येत नाही, ग्रीक येत नाही. शाळा आम्ही लवकर सोडली. पुढे जे काही वाचले ते वाचनालयाच्या आणि मित्रांच्या जिवावर. भुसावळच्या रेल्वेतील एका ख्रिस्ती स्नेह्याने आम्हास मराठी नवा करार दिला, तेव्हापासून हे पुस्तक आमच्या फळीवर आहे. आम्ही ख्रिस्ती नाही. परंतु ज्या पुस्तकावर इतक्या लोकांनी जीव टाकला ते न वाचता त्याविषयी मत देणे आम्हाला कधी पटले नाही.

मात्र एका विषयात आमची तीस वर्षांची उमेदवारी झाली आहे, आणि तो विषय म्हणजे साक्ष. कामगार न्यायालयात साक्षीदार उभे करणे, त्यांची उलटतपासणी ऐकणे, मालकाच्या वहीतील नोंदी पारखणे यांत आमचे केस पिकले. तेव्हा बायबल लिहिणारांवर विश्वास ठेवावा काय, हा प्रश्न आम्ही साक्षीचा प्रश्न म्हणूनच आपणापुढे मांडणार आहोत. आणि जपून बोलायचे म्हणाल, तर जपून बोलणे म्हणजे भीत बोलणे नव्हे.

पहिली गोष्ट अशी की बायबल हे एक पुस्तक नाही. ती पुस्तकांची पेटी आहे. प्रॉटेस्टंट मंडळींच्या बायबलात ६६ पुस्तके आहेत, कॅथलिकांच्या बायबलात ७३. जुना करार मुख्यत्वे हिब्रूत, थोडा आरामाइकमध्ये, आणि नवा करार ग्रीकमध्ये. त्यात राजांच्या बखरी आहेत, कायदे आहेत, भजने आहेत, म्हणी आहेत, पत्रे आहेत. हजार वर्षांच्या आसपास हे लेखन चालले होते. एवढ्या लेखकांना एका दोरीत बांधून "हे खरे की खोटे" असे विचारणे म्हणजे साऱ्या तालुक्याची एकच जबानी घेण्यासारखे आहे. भजन खोटे नसते आणि खरेही नसते. हिशेब मात्र खरा किंवा खोटा असतो. म्हणून आज आम्ही मुख्यतः येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपुरते बोलू. मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही त्यांची नावे आपण ऐकली असतील.

येशूला क्रुसावर दिले ते इ. स. ३० च्या सुमारास. नव्या करारातील सर्वांत जुने लेखन म्हणजे पौलाची पत्रे, ती इ. स. ५० नंतरची. मार्काचे शुभवर्तमान ७० च्या सुमाराचे, बाकीची तीन त्यानंतरची, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चारांपैकी एकाही लेखकाने आपल्या मजकुरात स्वतःचे नाव घातलेले नाही. ती नावे परंपरेने लागली. म्हणजे घटना आणि कागद यांच्यामध्ये निदान चाळीस वर्षे गेली. ही चाळीस वर्षे गोष्ट लोकांच्या तोंडात होती.

"मग संपलेच की!" असे काही श्रोते मनात म्हणाले असतील. थांबा. आपण खानदेशातील माणसे आहोत, आणि तोंडातून कागदावर उतरलेल्या शब्दांचे मोल आपल्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्यांनी गाणी रचली. ती उतरवून घेतली मुलगा सोपानदेव आणि घरच्या नातलगाने. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने निघाली. ती त्यांच्या हातची नाहीत म्हणून त्यांची नाहीत, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? दुसरे उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातले. १९३२ साली विनोबा तेथे रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी समोर बसून लिहून घेत. आज जी 'गीताप्रवचने' घरोघरी आहेत ती गुरुजींच्या लेखणीतून आली.

परंतु येथे प्रामाणिकपणे एक फरक सांगितला पाहिजे. सोपानदेव आईच्या घरात होते. साने गुरुजी वक्त्याच्या पुढ्यात होते. मार्क चाळीस वर्षांनंतर, दुसऱ्या देशाच्या भाषेत लिहीत होता. लूक तर आरंभीच सांगतो की आपण स्वतः पाहिलेले नाही, पाहणारांकडून आलेले शोधून क्रमवार लिहीत आहोत. हा कबुलीजबाब आम्हाला आवडला. ज्या साक्षीदाराला "हे मी ऐकले, पाहिले नाही" असे म्हणता येते, त्याचे पुढचे बोलणे ऐकून घ्यावेसे वाटते.

आता मुंबईची एक हकीकत ऐका. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वादविवाद झाले. लोक वाळूत बसून ऐकत. विष्णुबुवा म्हणजे कोकणातले गोखले. शाळा थोडी, पोटासाठी नोकऱ्या केलेल्या, बाकी सारे स्वतः मिळवलेले. ह्याच बुवांनी पुढे १८६७ साली एक निबंध लिहून सर्व जमीन सामाईक असावी आणि धान्य सर्वांनी एका कोठारातून न्यावे असे मांडले. म्हणून आम्हा कामगार चळवळीच्या लोकांना त्यांच्याविषयी थोडी अधिक माया आहे. त्या वादाची इंग्रजी हकीकत अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्याच वर्षी छापली. बुवांच्या बाजूची मराठी हकीकत मागाहून निघाली. वाळू तीच, सभा तीच. पण कागद दोन, आणि दोन्ही पक्षकारांनी लिहिलेले. अशा वेळी काय करावे? दोन्ही कागद जाळावे काय? नाही. जे दोघेही कबूल करतात ते घडले म्हणून धरावे. जेथे एकटाच आपल्या विजयाचे नगारे वाजवतो, तेथे रुपयातले आठ आणे कापून घ्यावे. आणि जेथे एखादा आपल्याच विरुद्ध जाणारी गोष्ट लिहून ठेवतो, तेथे कान टवकारावे.

हीच कसोटी शुभवर्तमानांना लावू. ती चारही अनुयायांनी लिहिली आहेत, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पण विरुद्ध पक्षाचाही एक कागद आहे. टॅसिटस हा रोमन इतिहासकार ख्रिस्ती लोकांचा द्वेष्टा. इ. स. ११६ च्या सुमारास त्याने लिहून ठेवले की ह्या पंथाच्या ख्रिस्ताला तिबेरियसाच्या राज्यात पंत पिलाताने देहान्त शासन दिले. शत्रू आणि मित्र दोघे मिळाले. तेव्हा येशू नावाचा माणूस होता आणि सरकारने त्याला ठार केले, एवढे इतिहासाच्या दप्तरी पक्के झाले.

ह्यापुढे विसंगती सुरू होतात. मत्तय आणि लूक येशूची वंशावळ देतात. दोन्हींत आजोबाचे नावसुद्धा जुळत नाही. मत्तय म्हणतो की यहूदाने गळफास घेतला. प्रेषितांच्या कृत्यांत तो पडून पोट फुटून मेला आहे. लूक जन्माच्या वेळी क्विरिनियसाची शिरगणती सांगतो, ती इ. स. ६ मधली, आणि ज्या हेरोदाच्या काळात जन्म झाला म्हणतात तो हेरोद इ. स. पूर्वी ४ मध्येच मेला होता. ह्यांची ओढून ताणून तोंडमिळवणी करणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्या भानगडीत पडत नाही. चूक ती चूक.

पण न्यायालयातील एक अनुभव सांगतो. एकदा आमच्या बाजूचे पाच साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून बोलले. आम्ही खूश. समोरचे वकील मात्र हसले आणि म्हणाले, "साहेब, मास्तर एकच दिसतो." आमचा दावा तेथेच लंगडा झाला. ज्यांनी खरोखर पाहिलेले असते त्यांच्यात कडेचे तपशील हलतात आणि मधला खांब हलत नाही. ह्या चौघांची तर आणखी एक अडचण आहे. मत्तयाने आणि लुकाने मार्काचा मजकूर समोर ठेवून लिहिले असे बहुतेक पंडित म्हणतात. म्हणजे साक्षीदार दिसतात चार, पण स्वतंत्र मोजायचे तर कमी भरतात. हेही आपण जमेस धरले पाहिजे.

नक्कल करणारांचे काय? मार्काच्या शेवटच्या बारा ओव्या, आणि व्यभिचाराचा आरोप आलेल्या त्या बाईला येशूने दगडांपासून वाचवल्याची योहानातील गोष्ट, ह्या दोन्ही चौथ्या शतकातील दोन थोर पोथ्यांत नाहीत. मागाहून कोणी घातल्या. यात नवल वाटण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरीतही लोकांनी हात घातला होता, म्हणून तर एकनाथांना शके १५०६ मध्ये ती शुद्ध करावी लागली. उलट बाजूही आहे. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत जुन्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यांतली यशयाची गुंडाळी तोवर ठाऊक असलेल्या हिब्रू प्रतींहून सुमारे हजार वर्षांनी जुनी होती, आणि किरकोळ फरक सोडता मजकूर तोच निघाला. म्हणजे त्या वाटेवरचे नकलनवीस इमानी होते. परंतु बंधूंनो, नक्कल बरहुकूम आहे म्हणून मूळ खरे ठरत नाही. खोट्या हजेरीपटाचीही नक्कल बिनचूक करता येते. प्रचारक मंडळी ह्या दोन गोष्टींची गल्लत करतात, तेथे सावध राहावे.

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. येशूला पकडले त्या रात्री त्याचा पट्टशिष्य पेत्र याने तीनदा सांगितले की मी ह्या माणसाला ओळखत नाही. बाकीचे पळाले. पेत्राचा हा नकार चारही शुभवर्तमानांत आहे. जेव्हा हे लिहिले गेले तेव्हा पेत्र हा त्या मंडळीचा सर्वांत मोठा मान असलेला पुढारी गणला जात होता. पंथ लहान, छळ चालू, आणि अशा वेळी आपल्याच पुढाऱ्याचा भित्रेपणा लिहून ठेवायचा! जुन्या करारातही तेच. दावीद हा त्यांचा लाडका राजा. त्याने उरियाची बायको घेतली आणि उरियाला लढाईत मरायला पाठवले, हे त्यांच्याच बखरीत आहे.

हे किती अवघड असते ते आम्हाला माहीत आहे, कारण आम्हाला ते जमले नाही. आमच्या तिशीतली गोष्ट. ह्याच भागात केळी भरणाऱ्या हमालांचा संप होता. नवव्या रात्री आम्ही खचलो. धमक्या येत होत्या, घरी लहान मूल होते. बैठकीत आम्हीच म्हणालो, "उद्यापासून कामावर चला, मिळेल ते घेऊ." तेव्हा एक म्हातारा हमाल आणि दोन बाया उठल्या आणि नाही म्हणाल्या. संप टिकला, दर वाढून मिळाला. पुढे युनियनची पुस्तिका लिहायचे काम आमच्याकडे आले. आम्ही तीत लिहिले की नेतृत्व शेवटपर्यंत ठाम होते. त्या म्हाताऱ्याला वाचता येत नव्हते. त्याने नातवाकडून ती सगळी वाचून घेतली आणि आम्हाला गाठून एवढेच विचारले, "भाऊ, सारं बराबर लिव्हलं, पन त्या रातची गोठ कुठी गेली?" आम्ही म्हणालो, पुढच्या आवृत्तीत घालू. पुढची आवृत्ती निघाली नाही. म्हातारा गेला. पुस्तिका तशीच आहे, आणि त्या दोन बायांची नावे तीत नाहीत. आज चारचौघांत हे प्रथमच बोलतो आहोत.

म्हणून पेत्राची ती रात्र वाचताना आम्ही थांबतो. ज्यांनी ही गोष्ट कापली नाही, त्यांच्यावर तेवढ्यापुरता आमचा विश्वास बसतो. थडगे रिकामे असल्याचे प्रथम बायांनी पाहिले, असेही चौघे सांगतात. ज्या काळात बाईच्या साक्षीला वजन नव्हते त्या काळात हे कोणी सोयीसाठी रचले असेल असे वाटत नाही. तो मेलेला पुन्हा उठला काय, हे मात्र आमच्या न्यायालयाच्या अधिकाराबाहेरचे आहे. लिहिणारांचा त्यावर विश्वास होता, एवढे साक्षीवरून म्हणता येते. पुढचे ज्याचे त्याने आपल्या श्रद्धेने ठरवावे.

शेवटी एका लेखिकेचे नाव घेतल्यावाचून आम्हाला खाली बसवत नाही. आपण बायबल वाचतो ते मराठीत, म्हणजे भाषांतरकार हाही एक साक्षीदारच. विल्यम केरीने सेरामपूरहून १८११ साली नवा करार मराठीत छापला. पण चालू भाषांतराची भाषा साध्या बायाबापड्यांना कळत नाही, असे पंडिता रमाबाईंना वाटले. संस्कृतात पारंगत असलेल्या ह्या बाईंनी मूळ पाहायचे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. छपाईचे काम मुक्ति सदनातील बायांनी केले. १९२२ च्या एप्रिलात रमाबाई वारल्या. पुस्तक त्यानंतर बाहेर पडले. ज्या बाईने बायबलावर संपूर्ण श्रद्धा ठेवली, तिने दुसऱ्याच्या भाषांतरावर मात्र आंधळा विश्वास ठेवला नाही. आणि जोतीराव फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' ह्या पुस्तकात सांगितले आहे की कोणत्याही एका धर्मपुस्तकात सगळेच सत्य सापडणार नाही. आमच्या मते ह्या दोघांचा मार्ग एकाच दिशेने जातो.

तेव्हा आमचे उत्तर असे: बायबल लिहिणारांवर विश्वास ठेवावा, पण घाऊक नव्हे. कलम कलम तपासून ठेवावा. आणि हीच तपासणी आपल्या पोथ्यांना, बखरींना, पुढाऱ्यांच्या चरित्रांना आणि आमच्या युनियनच्या पुस्तिकेलाही लावावी. दुसऱ्याच्या ग्रंथाला उलटतपासणी आणि आपल्या ग्रंथाला नमस्कार, हा न्याय नव्हे.

त्या पुस्तिकेत एक पान वाढवायचे आम्ही ठरवले आहे. त्या दोघींपैकी एक बाई अजून हयात आहेत. लिहून झाले की प्रथम त्यांना वाचून दाखवू.